ट्रायलोबाईट ओळखायचा कसा आणि त्यावरनं थराचं वय काढायचं कसं

दर रविवारी आमच्या ग्रुपमध्ये कोण ना कोण पिशवीतून दगड घेऊन येतं आणि विचारतं, सर हा ट्रायलोबाईट हाय का बघा की. दगड पन्हाळ्यावरनं आणलेला असतो, नाहीतर जोतिबाच्या डोंगरावरचा, नाहीतर विहीर काढताना निघालेला. मुलांच्या डोळ्यात एवढी आशा असते की नाही म्हणताना जीवावर येतं, पण नाहीच म्हणावं लागतं. म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

कोल्हापुरात आपल्या पायाखाली आहे तो काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, लाव्हा थिजून झालेला, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. ट्रायलोबाईट हा सांध्यासांध्याच्या कवचाचा समुद्रातला प्राणी, आणि त्यांच्यातला शेवटचा संपला सुमारे २५.२ कोटी वर्षांपूर्वी. म्हणजे आपला लाव्हा वाहिला तेव्हा ट्रायलोबाईट जाऊन १८ कोटी वर्षं उलटून गेली होती, आणि तसंही उकळत्या लाव्ह्यात कुठल्या समुद्री किड्याचं कवच टिकणार. मग कोणीतरी हुशार मुलगा विचारतो की बेळगाव-बागलकोटकडं कलादगीचे जुने खडक आहेत, ते तर पाण्यात साचलेले आहेत, त्यात मिळेल का? प्रश्न एकदम बरोबर, पण उत्तर परत नाहीच, कारण ते खडक उलट्या बाजूनं हुकतात, ते ट्रायलोबाईट जन्माला यायच्याही आधीचे आहेत. बघा, इथंच तुम्ही थराचं वय जीवाश्मावरनं काढायला लागलात! कुठला प्राणी कधी होता आणि कधी नव्हता हे माहीत असलं की खडकाबद्दल बोलता येतं, पुढचं सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

पन्हाळ्यावरनं येतं ते काय असतं मग? बहुतेक वेळा कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला बेसाल्टचा गोटा, तो ऊन-पावसानं तसा सुटतो, त्याच्या वर्तुळांकडं बघून मुलांना शंख वाटतो. नाहीतर गारगोटी. ती जपून ठेवा, सुंदर असते, पण जीवाश्म नव्हे.

खरं जीवाश्म बऱ्याच जणांच्या घरात आधीच आहे, देवघरात. शाळिग्राम. गंडकी नदीतला काळा गुळगुळीत गोटा, आत चक्र. ते चक्र म्हणजे अमोनाईट नावाच्या समुद्री प्राण्याचं शिंपलं, ज्युरासिक काळातलं. आजीच्या पूजेतला शाळिग्राम हातात घेऊन मी पहिल्यांदा ती वळणं भिंगातून पाहिली होती, तिची परवानगी काढून आणि हात धुऊन, आणि त्या दिवसापासून हा नाद लागला तो लागलाच. अमोनाईटनं ज्युरासिकचे थर जसे बारीक बारीक वाटून मिळतात तसंच काम त्याच्या कितीतरी आधीच्या कॅम्ब्रियन काळात ट्रायलोबाईट करतो.

आता सामान. १० पटीचं हँड लेन्स, एक छोटी टॉर्च, मऊ ब्रश, मिलीमीटरची पट्टी, वही, पेन्सिल. मोबाईलचा कॅमेरा चालतो पण लेन्सची सवय करा, कारण कॅमेरा सगळं सपाट करून टाकतो. आणि एक खरा नमुना हवा, फोटोवर शिकणं अर्धवट राहतं. मी सगळ्यांना एल्राथिया किंगी या जातीचा ट्रायलोबाईट घ्यायला सांगतो. हा अमेरिकेतल्या युटा राज्यात व्हीलर शेल नावाच्या खडकात इतका भरपूर सापडतो की स्वस्तात मिळतो आणि त्याची नक्कल करण्यात कुणाला फायदा नसतो. वय सुमारे ५० कोटी वर्षं, म्हणजे अगदी पहिल्या पिढीतला नाही, पण शरीराचे भाग शिकायला याच्यासारखा दुसरा नाही.

माझ्याकडचा अडीच सेंटीमीटरचा आहे, काळा कुळकुळीत, जाड जाड कवच, तळहातावर ठेवला की कळतं की हा दगडावर काढलेला नाही, दगडातनं वर आलेला आहे. टॉर्च वरून मारू नका. टॉर्च टेबलाला जवळजवळ टेकवून बाजूनं मारा, डावीकडून वरच्या कोपऱ्यातून, मग एकेक खाच सावलीनं उठून येते, आणि नुसता काळा ठिपका वाटत होता त्यात बरगड्या मोजता यायला लागतात. ज्याच्या हातात पहिल्यांदा हा उजेड देतो तो गप्प होतो बघा, प्रत्येक वेळी.

आधी नावाचा अर्थ नीट घ्या कारण इथं निम्मे लोक चुकतात. ट्रायलोबाईट म्हणजे तीन पाळ्यांचा, पण त्या तीन पाळ्या म्हणजे डोकं, धड, शेपूट नव्हे. उभ्या तीन पट्ट्या आहेत त्या, मधली फुगीर पट्टी आणि तिच्या दोन्ही अंगाला दोन चपट्या, डोक्यापासून शेपटीपर्यंत. डोकं-धड-शेपूट असे आडवे भाग तर बऱ्याच प्राण्यांना असतात. त्यामुळं एखादा तुकडा हातात आला की पहिला प्रश्न हाच, उभे तीन भाग दिसतात का? दोन खोल उभ्या खाचा आहेत का? असतील तर पुढं जायचं.

मग आडवं बघा. वरचं डोक्याचं ढालीसारखं कवच म्हणजे सेफॅलॉन, मधलं सांध्यासांध्याचं धड म्हणजे थोरॅक्स, आणि शेवटी सांधे एकत्र जुळून झालेली शेपटीची ढाल म्हणजे पायजिडियम. डोक्याच्या मधोमध जो उंचवटा असतो, नाकाडासारखा, तो ग्लॅबेला. त्याच्या दोन्ही बाजूला गाल, गालांवर डोळे. गालाच्या मागच्या कोपऱ्यातनं बऱ्याचदा मागं वळलेला काटा निघतो. एल्राथियाच्या धडाचे सांधे मोजा, पूर्ण वाढलेल्यात १३ भरायला पाहिजेत. १२ किंवा ११ आले तर परत मोजा, परत तेच आले तर तो पोरवयातला असेल, कारण हे प्राणी कात टाकत टाकत वाढायचे आणि वाढताना धडात सांधे वाढत जायचे. नुसत्या सांध्यांच्या आकड्यावर विसंबून नाव ठेवायचं नाही ते यासाठी.

कात टाकायचे म्हटलं त्याचा आणखी एक परिणाम असा की थरात तुम्हाला अख्खा प्राणी क्वचित मिळतो, मिळतात ते तुकडे, कारण एकाच जीवानं आयुष्यभरात कितीतरी वेळा कवच टाकलेलं असतं आणि ते कवच ठरलेल्या जागी उसवायचं. त्या उसवायच्या जागेला मी शिवणच म्हणतो, चेहऱ्यावरची शिवण. सदरा जसा शिवणीवर उसवतो तसा गालाचा बाहेरचा भाग सुटून जायचा आणि मधला भाग, ग्लॅबेला आणि त्याला चिकटलेले आतले गाल, एकत्र राहायचा. या मधल्या तुकड्याला क्रॅनिडियम म्हणतात. ट्रायलोबाईट ओळखायला सगळ्यात जास्त उपयोगी पडणारा तुकडा हाच, त्यामुळं अख्ख्या नमुन्याच्या फोटोवर भाळण्यापेक्षा दोन-चारशे क्रॅनिडियमची चित्रं बघा, डोळ्याला वळण लागतं.

खाचा दिसत नसतील, दगड डागाळलेला असेल, तर जाणकार लोक नवसागर वापरतात. हो, आपला कल्हईवाला वापरतो तोच नवसागर. काचेच्या नळीत थोडी पूड तापवली की पांढरा धूर निघतो, तो नमुन्यावर हलकेच फुंकला की सगळ्यावर एकसारखा पांढरा थर बसतो, रंग गायब होतो आणि नुसता आकार उरतो, मग बाजूनं उजेड टाकून फोटो काढायचा. नंतर पाण्यानं धुऊन निघतो. घरी करणार असाल तर मोठ्या माणसाबरोबर, उघड्या हवेत, आणि धूर छातीत जाऊ देऊ नका, लोखंडी वस्तू जवळ ठेवू नका. आणि कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरात याच्या नादी लागू नका, हवेत एवढा ओलावा असतो की तो थर चिकट होतो आणि खडबडीत गोळे धरतो. हिवाळ्यात करा.

आता मुख्य विषय, सुरुवातीचे ट्रायलोबाईट. कॅम्ब्रियन काळ सुरू झाला सुमारे ५३.९ कोटी वर्षांपूर्वी, आणि ट्रायलोबाईटचं कवच खडकात पहिल्यांदा दिसतं ते सुमारे ५२.१ कोटी वर्षांपूर्वी. मधली जवळजवळ पावणेदोन कोटी वर्षं कॅम्ब्रियन आहे पण ट्रायलोबाईट नाही. हे पक्कं डोक्यात ठेवा, कारण 'ट्रायलोबाईट नाही म्हणजे कॅम्ब्रियन नाही' असं म्हणणारे भेटतात. त्या आधीच्या थरांना ओळखायला बिळांचे ठसे आणि बारीक बारीक कवचं वापरतात. कॅम्ब्रियनची सुरुवातच मुळी कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमधल्या फॉर्च्यून हेडच्या कड्यात ट्रेप्टिक्नस पेडम नावाच्या एका बिळाच्या ठशाला धरून ठरवलेली आहे.

सुरुवातीच्या ट्रायलोबाईटला पहिला प्रश्न विचारायचा तो शिवणीचा. चेहऱ्यावर, वरच्या बाजूला, डोळ्याला लागून जाणारी शिवण आहे का नाही? नसेल तर तुमच्या हातात ओलेनेलिना गटातला प्राणी असण्याची शक्यता मोठी. हे अगदी जुने. डोकं मोठं, अर्धचंद्रासारखं, डोळे लांब, केळीसारखे वाकलेले, त्यांचं पुढचं टोक थेट ग्लॅबेलाला जाऊन भिडलेलं, धडाला सांधेच सांधे, आणि शेपटीची ढाल एवढीशी की नसल्यात जमा. ओलेनेलस तर एकदा बघितला की विसरायचा नाही. धडाचा तिसरा सांधा दोन्ही बाजूला इतरांपेक्षा मोठा, लांब काटा घेऊन बाहेर आलेला, आणि १५व्या सांध्यावर मधोमध मागं जाणारा लांबच लांब काटा, त्याच्या मागं बारकुंडे सांधे. ग्लॅबेला मध्ये थोडा आवळलेला आणि पुढचं टोक फुगीर, जवळजवळ डोक्याच्या काठाला टेकणारं. त्याचा जुना भाऊबंद नेवाडेला, त्याचा ग्लॅबेला पुढं निमुळता होत जातो आणि तो मोठा तिसरा सांधा नसतो. फॅलोटॅस्पिस त्याहून जुना.

शिवण आहे, पण बाकी थाट तसाच, मोठे वाकडे डोळे, निमुळता ग्लॅबेला, भरपूर सांधे, चिमुकली शेपूट, तर रेडलिचिया आणि त्याचे सोयरे बघा. ही मंडळी चीन, ऑस्ट्रेलिया आणि आपल्या हिमालयात. रेडलिचिया नोएटलिंगी ही जात पाकिस्तानातल्या सॉल्ट रेंजमध्ये आणि आपल्याकडं हिमालयाच्या पायथ्याकडच्या ताल गटाच्या खडकांत मिळते. ऑस्ट्रेलियात कांगारू बेटावर एमू बे शेलमध्ये रेडलिचिया रेक्स म्हणून एक सापडला, २०१९ मध्ये त्याचं नाव ठेवलं, तो ३० सेंटीमीटरपर्यंत जायचा. शाळेची फूटपट्टी समोर धरून मुलांना दाखवा, एवढा ट्रायलोबाईट!

मग येतात अगदी बारके, काही मिलीमीटरचे, डोकं आणि शेपूट सारख्या मापाचे, मध्ये दोनच सांधे. अॅग्नॉस्टिड. यांचं वरचं टोक कुठलं आणि खालचं कुठलं हे ठरवायलाच भिंग लागतं, आणि बहुतेकांना डोळे नाहीत. त्यांच्या जवळचे इओडिस्किड, त्यांना दोन किंवा तीन सांधे आणि काहींना डोळेही. अॅग्नॉस्टिड खरेच ट्रायलोबाईट का, यावर अभ्यासकांत वाद आहे, पण थर ओळखायच्या कामात या भांडणानं काही अडत नाही.

बाकी दोन मोठे गट थोडक्यात. टायकोपॅरिड, म्हणजे आपल्या एल्राथियाचे, ग्लॅबेला पुढं निमुळता आणि बोथट, चेहरा साधासुधा, आणि साधेपणामुळंच एकमेकांपासून वेगळे ओळखायला सगळ्यात अवघड. कोरिनेक्सोकिड, यांच्यात ग्लॅबेला बऱ्याचदा पुढं रुंद होतो आणि शेपटीची ढाल मोठी, काटेरी. तुम्ही नवे असाल तर टायकोपॅरिडमध्ये जातीपर्यंत जायचा हट्ट धरू नका, गटापाशी थांबा. चुकीचं नाव लिहिण्यापेक्षा अर्धं नाव लिहिणं हे जास्त प्रामाणिक काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

नकली मालाबद्दल सांगितलंच पाहिजे. काही वर्षांपूर्वी मी एका ऑनलाईन विक्रेत्याकडून मोरोक्कोचा मोठा कॅम्ब्रोपॅलस नावाचा ट्रायलोबाईट मागवला, तळहातापेक्षा मोठा, पगारातले पैसे बाजूला काढून. पेटी उघडली तेव्हा घरात सगळे जमले होते. आठवड्यानं ग्रुपमधल्या एका मुलीनं लेन्स लावलं आणि म्हणाली, सर, या काट्याजवळ गोल भोकं आहेत. बुडबुडे होते ते, रेझिनचे. मग मी त्याच जातीचे विक्रीचे फोटो शोधले तर दोन नमुन्यांत शेपटीच्या डाव्या बाजूला हुबेहूब तीच चीर. एकाच साच्यातले. लई वाईट वाटलं, पैशाचं तर झालंच, पण त्यापेक्षा मी आठवडाभर मुलांना खोट्या वस्तूवर शिकवत होतो याचं. तेव्हापासून नियम असा की मोठा, अख्खा, काटे न काटे शाबूत असलेला मोरोक्कोचा नमुना समोर आला की आधी बुडबुडे शोधायचे, कवच आणि दगड यांच्या मधली रेष सगळीकडं एकसारखी रंगवल्यासारखी आहे का बघायची, आणि कापसावर थोडं अॅसिटोन घेऊन कडेला पुसायचं, रंग किंवा सरस सुटला तर समजायचं. खऱ्या दगडातली चीर ही बऱ्याचदा जीवाश्मातून पलीकडं दगडातही जाते, ते चांगलं लक्षण.

आता थरांचं. हे समजावायला मी मुलांना जुन्या थिएटरजवळच्या भिंतीपाशी घेऊन जातो. त्या भिंतीवर वर्षानुवर्षं पोस्टरवर पोस्टर चिकटलंय. सगळ्यात आतलं सगळ्यात जुनं, बाहेरचं सगळ्यात नवं, हा झाला पहिला नियम, १६६९ मध्ये स्टेनो नावाच्या माणसानं खडकांबद्दल हाच लिहिला. आता समजा एका कोपऱ्यात भिंतीचा तुकडा निघाला आणि त्यावर एका पिक्चरचं पोस्टर दिसलं. तो पिक्चर एकच आठवडा चालला आणि सगळ्या महाराष्ट्रात एकदमच लागला होता, तर तुम्ही सांगाल की हा थर अमुक महिन्यातला, मग भिंत कोल्हापूरची असो नाहीतर साताऱ्याची. पण पिक्चर २५ आठवडे चालला असेल तर? किंवा फक्त एकाच गावात लागला असेल तर? मग त्याचा उपयोग कमी. चांगला सूचक जीवाश्म म्हणजे तो एक आठवडा चाललेला, सगळीकडं लागलेला, आणि अर्धं पोस्टर फाटलं तरी हिरोच्या मिशीवरून ओळखू येणारा पिक्चर. थोडा काळ जगलेला, लांबवर पसरलेला, भरपूर, आणि तुकड्यावरून ओळखता येणारा. इंग्लंडात कालवे खणताना विल्यम स्मिथनं हेच ओळखलं की जीवाश्मांचा क्रम ठरलेला असतो, एकदा गेलेला प्राणी वरच्या थरात परत येत नाही.

इथं एक सावधगिरी, कारण आपल्याकडचं उदाहरण देताना हमखास घोळ होतो. विहीर खणताना वर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण लागतो, आणि मुलं म्हणतात की मुरूम हा पाषाणानंतर साचलेला थर. तसं नाही. मुरूम म्हणजे तोच पाषाण जागच्या जागी कुजलेला, तो वेगळा साचलेला थर नव्हे. त्यापेक्षा घाटात रस्त्याच्या कटिंगमध्ये दोन काळ्या थरांच्या मध्ये लाल पट्टा दिसतो ना, तो बघा. तिथं खालचा लाव्हा आधी, मग मधल्या काळात झालेली लाल माती, मग वरचा लाव्हा. तो खरा क्रम.

आता प्रत्यक्ष करून बघू. समजा तुमच्यासमोर २८ मीटरचा एक कडा आहे, उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या धर्तीवर मांडलेला, सरावासाठी. खालून मोजत वर जायचं, नेहमी खालून. तळाला ३ मीटर वालुकाश्म, त्यात उभ्या नळ्यांसारखी बिळं, कवच एकही नाही. वहीत लिहा, 'कवच मिळालं नाही', आणि किती वेळ शोधलं तेही लिहा. ४ मीटरवर शेल, म्हणजे चिखल साचून झालेला पापुद्र्यांचा खडक, सुरू, फॅलोटॅस्पिसचं अर्धं डोकं. ११ मीटरवर नेवाडेला. १८ मीटरवर ओलेनेलस, भरपूर, २३ मीटरपर्यंत. त्यानंतर ओलेनेलस बंद. २६ मीटरवर एक काटेरी शेपटीचा बारका, ग्लॅबेलाच्या कडेला खड्डे खड्डे, ओरिक्टोसेफॅलस.

वहीच्या पानावर डावीकडं उंची मीटरमध्ये, वर प्रत्येक जातीचं नाव, आणि जातीखाली ती जिथं जिथं मिळाली तिथं ठिपका. ठिपके उभ्या रेषेनं जोडा. झाला तुमचा विस्तार तक्ता. आता आडवी पट्टी धरा आणि वाचा. ४ मीटरचा थर फॅलोटॅस्पिसच्या विभागात, ११ चा नेवाडेलाच्या, १८ ते २३ ओलेनेलसच्या, हा क्रम तिकडं ठिकठिकाणी असाच लागतो. २३च्या वर ओलेनेलसचं सगळं खानदानच नाहीसं होतं, ती कॅम्ब्रियनमधली मोठी पडझड. आणि २६ मीटरवरचा जर ओरिक्टोसेफॅलस इंडिकस असेल तर तुम्ही कॅम्ब्रियनच्या दोन विभागांमधल्या जागतिक सीमेच्या वर पोचलात. पण ३ आणि ४ मीटरच्या मध्ये काय? तिथं 'ट्रायलोबाईट इथं जन्मला' असं लिहायचं नाही. वालुकाश्मात कवच टिकतच नसेल, किंवा तुम्हाला मिळालं नसेल. आपल्याला मिळालेला पहिला ठिपका हा खऱ्या पहिल्या प्राण्यापेक्षा नंतरचाच असतो, आणि शेवटचा ठिपका खऱ्या शेवटच्याच्या आधीचा. रेष दोन्ही टोकांना थोडी लांब असणार हे मनात धरूनच तक्ता वाचायचा.

क्रम न बघता जुळवाजुळव केली तर काय होतं याचं उदाहरण मोठ्या माणसाचंच आहे. अमेरिकेच्या चार्ल्स वॉल्कॉटनं १८८० च्या दशकात ओलेनेलसचे थर पॅराडॉक्साइडीस नावाच्या दुसऱ्या ट्रायलोबाईटच्या थरांच्या वर ठेवले होते. स्कँडिनेव्हियातून ब्रॉगर नावाचा अभ्यासक सांगत होता की उलटं आहे. मग १८८८ मध्ये वॉल्कॉट स्वतः न्यूफाउंडलंडला मॅन्युएल्सला गेला, तिथं कड्यात ओलेनेलसच्या कुळातले खाली आणि पॅराडॉक्साइडीस वर असं डोळ्यांनी बघितलं, आणि आपली मांडणी जाहीरपणे बदलली. मला हा प्रसंग फार आवडतो. एवढा मोठा अभ्यासक, पण कड्यानं सांगितलं ते ऐकलं.

सुरुवातीच्या ट्रायलोबाईटची खरी अडचण मात्र अजून सुटलेली नाही, आणि ती पोस्टरच्याच भाषेत सांगता येते. ते एकेका गावातच लागलेले पिक्चर आहेत. ओलेनेलसवाले एका बाजूच्या खंडांवर, रेडलिचियावाले दुसऱ्या, उथळ समुद्राच्या तळाशी राहणारे, खोल पाणी ओलांडून जायचे नाहीत. त्यामुळं चीनमधला इओरेडलिचियाचा थर, ज्यात ते प्रसिद्ध चेंगजियांगचे सुमारे ५१.८ कोटी वर्षांचे जीवाश्म आहेत, तो अमेरिकेतल्या नेमक्या कुठल्या थराच्या जोडीला लावायचा यावर डोकेफोड चालते. पहिला ट्रायलोबाईटही सगळ्या खंडांवर एकाच वेळी दिसत नाही. म्हणूनच कॅम्ब्रियनच्या तिसऱ्या आणि चौथ्या टप्प्याला अजून पक्की नावं नाहीत, नुसते स्टेज ३, स्टेज ४. नंतरच्या काळात मोकळ्या समुद्रात दूरवर पसरलेले अॅग्नॉस्टिड मिळतात आणि काम एकदम सोपं होतं. ग्लिप्टॅग्नॉस्टस रेटिक्युलेटस हा बारका, जाळीदार नक्षीचा प्राणी इतक्या खंडांवर मिळतो की २००३ मध्ये त्याच्या पहिल्या दिसण्यावर कॅम्ब्रियनमधल्या पायबियन टप्प्याची सुरुवात ठरवली.

आणि या सगळ्यात आपल्या देशाचं नाव आहे. ओरिक्टोसेफॅलस इंडिकस मधलं इंडिकस म्हणजे भारतातला. हेडन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञानं हिमाचलातल्या स्पितीत, पिन नदीला मिळणाऱ्या पराहिओच्या खोऱ्यातून गोळा केलेल्या नमुन्यांवरून रीड नावाच्या अभ्यासकानं १९१० मध्ये ही जात पहिल्यांदा नोंदवली. शंभरावर वर्षांनी, २०१८ मध्ये, चीनच्या ग्वेजो प्रांतात याच जातीच्या पहिल्या दिसण्यावर वुलिअन टप्प्याची आणि मियाओलिंगियन या मोठ्या विभागाची जागतिक सीमा ठरली, ५१ कोटी वर्षांच्या जरा अलीकडची. स्पितीला आता बुलेट घेऊन जाणारी कोल्हापूरची पोरं लई आहेत. पिन खोऱ्यात गेलात तर त्या डोंगरांकडं जरा थांबून बघा, फोटो काढा, पण दगड उचलून आणू नका, उचललेल्या क्षणी तो कुठल्या थराचा हे हरवतं आणि मागून येणाऱ्या अभ्यासकाचं कायमचं नुकसान होतं.

हिमालयातल्या नमुन्यांबद्दल आणखी एक. डोंगर दाबला गेला तसे जीवाश्मही दाबले गेले, एकाच थरातला एक ट्रायलोबाईट लांबुळका आणि दुसरा बुटका रुंद दिसतो, आणि नवा माणूस दोन जाती म्हणून लिहितो. दगडाच्या त्याच पाटीवर वेगवेगळ्या दिशेनं पडलेले तीन-चार नमुने बघा, ताण एकाच दिशेनं असेल तर ती एकच जात आहे. डोंगर दाबला जातो तसे थर उलटेही होतात, तेव्हा खालचं जुनं हा नियम लावायच्या आधी वाळूवरच्या लाटांच्या खुणा बघून वरची बाजू कुठली ते ठरवा. लाटेची खूण अणकुचीदार टोकानं वर बघत असते.

आणि कोटी वर्षांचा आकडा कुठून येतो? ट्रायलोबाईट फक्त आधी-नंतर सांगतो. आकडा येतो तो थरांच्या मध्ये साचलेल्या ज्वालामुखीच्या राखेतून, तिच्यातल्या झिरकॉन या खनिजाच्या कणात युरेनियमचं शिसं किती झालं ते मोजून. राखेचा थर खाली एक आणि वर एक मिळाला की मधल्या ट्रायलोबाईटचं वय दोन आकड्यांच्या चिमट्यात सापडतं. मग तीच जात राख नसलेल्या दुसऱ्या कड्यात मिळाली की ते वय तिकडंही नेता येतं.

तुमचा एल्राथिया आला की त्याच दिवशी चिठ्ठी करा. कुठला देश, कुठला खडक, कुठला थर, कुणाकडून घेतला, कोणत्या तारखेला, आणि खाली तुम्ही मोजलेले सांधे, मिलीमीटरमध्ये लांबी, आणि नाव किती खात्रीनं लिहिलंय ते. पेन्सिलनं लिहा, शाई पावसाळ्यात पसरते. विक्रेत्यानं थर सांगितला नसेल तर ती जागा कोरी सोडा, अंदाजानं भरू नका. एक चिठ्ठी डबीत, आणि तोच नंबर नमुन्याच्या मागच्या बाजूला, कारण डब्यांची झाकणं अदलाबदल होतातच.